एका शिटाची गाडी

परभणीत कुणी नवीन गाडी घेतली की लोक आधी अ‍ॅव्हरेज विचारतात आणि मग शिट विचारतात. माझ्या गाडीच्या बाबतीत गाडं दुसऱ्या प्रश्नावरच अडलं.

"म्याडम, किती शिट बसतेत?"

"दोन."

"डायवर धरून?"

"धरून."

"म्हंजे एकच की."

आमच्याकडं शिट म्हणजे बसायची जागा नव्हे, शिट म्हणजे माणूस. काळी-पिवळी जीपवाला नाक्यावर उभा राहून "चला मानवत, मानवत, दोन शिट, दोन शिट" असं ओरडतो, तेव्हा त्याला दोन माणसं कमी पडत असतात. ड्रायव्हर शिटात धरत नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला जेवणाऱ्यांत धरत नाहीत तसंच. या हिशेबानं माझी गाडी एका शिटाची. गाडी माझ्या नावावर करून घ्यायला आरटीओत गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी "आसनक्षमता दोन" हे वाचून चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचलं. मग म्हणाले, "ट्रॅक्टरला एकच असते. त्या मानानं तुमचं बरंय."

गाडी विलायती आहे. दोन दारं, लांब नाक, आखूड पाठ, कापडी छत मागं दुमडता येतं. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. रंग बाटलीसारखा हिरवा. आमच्या गल्लीत तिला बेडूक म्हणतात. मला आधी वाटलं, रंगामुळं म्हणतात. नंतर कळलं की चालण्यामुळं. थंडीत चोक ओढून काढली की ती पहिली दहा पावलं उड्या मारत जाते.

का घेतली, असं लोक विचारतात. माझे आईवडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे. घराण्यात कॉलेज बघितलेली मी पहिली. पहिली सायकल माझी, पहिला चष्मा माझा, महिन्याच्या महिन्याला येणारा पहिला पगारही माझा. अशा माणसानं आधी प्लॉट घ्यावा, मग घर बांधावं, मग घरावर मजला चढवावा, अशी लोकांची अपेक्षा असते. मी प्लॉट घेतला, घर बांधलं, मजला चढवला. मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली. मग म्हटलं, आता एक वस्तू अशी घ्यावी जिचा कुणालाच काही उपयोग नाही. तशी बघायला गेलं तर ही गाडी मला फार वर्षांपासून आवडत होती. फोटोत बघितली होती. पण आवडली म्हणून घेतली, हे उत्तर आमच्याकडं कुणाला पुरत नाही. मी शिकवते त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "म्याडम, एवढ्यात तर सात शिटांची आली असती." मी म्हटलं, "माझ्याकडं सात माणसं नाहीत." ते खरंच काळजीत पडले.

गाडी हैदराबादेतून घेतली. मालक म्हणजे एक वयस्क गृहस्थ. गुडघे गेल्यामुळं त्यांना तिच्यात उतरता येईना. उतरता येईना, हेच बरोबर. या गाडीत माणूस चढत नाही, विहिरीत उतरावं तसा उतरतो, आणि वर यायला हात द्यावा लागतो. व्यवहार झाल्यावर त्यांनी किल्ली आमच्या सरांच्या हातात दिली. आमचे सर म्हणजे माझे यजमान. तेही शिक्षक, हायस्कूलला मराठी शिकवतात. सरांनी किल्ली घेतली आणि चहाचा कप पुढं सारावा तशी माझ्याकडं सारली.

"आप चलाते?" गृहस्थांनी मला विचारलं.

"हौ. मीच."

त्यांनी जरा विचार केला. मग माझ्याकडून किल्ली परत मागून घेतली, रुमालानं पुसली आणि स्वतः माझ्या हातात ठेवली. "हल्लू हल्लू चलाना म्याडम. गुस्से में नक्को चलाना." मला ती रीत आवडली. किल्ली दोनदा मिळालेली मी एकटीच असेन.

सरांना गाडी येत नाही. मी एकदा शिकवायला घेतली होती. त्यांनी शेजारच्यांचं फाटक पाडलं. त्यानंतर आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. तेव्हापासून गाडीतलं एकमेव शिट म्हणजे सर. डोक्याला कानटोपी, मांडीवर पाण्याची बाटली आणि चेहरा वर्गात सुपरव्हिजनला बसल्यासारखा.

दुरुस्तीला वसमत रोडवरचे एक मिस्त्री आहेत. त्यांचा जन्म ट्रॅक्टरमध्ये गेला. पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं, पंधरा मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "इंजिन लय साधं हाय म्याडम. मालकच अवघड दिसायलाय." पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा नवीन कुठून आणावा याची मी चार दिवस चौकशी करत होते. मिस्त्रींनी पिठाच्या गिरणीचा पट्टा आणून चढवला. अजून तोच आहे. विलायती गाडी ज्वारीच्या पट्ट्यावर चालते.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघतो. छत मागं दुमडतो. परभणीच्या बाहेर पडेपर्यंत पाच गतिरोधक आहेत. ते तिरके चढवावे लागतात, म्हणजे एकेक चाक वर घ्यायचं. सर तेवढ्यापुरते बाटली हातात घेतात. एकदा हायवेला लागलं की मग रस्ता सिमेंटचा. मानवतपर्यंत जायचं, स्टँडजवळ चहा घ्यायचा आणि परत यायचं. एवढाच कार्यक्रम. गाडी इतकी खाली असते की कापसाच्या ट्रकचं चाक डोळ्यांसमोर फिरतं आणि रस्त्याकडेच्या शेळ्या थेट तोंडाकडं बघतात. तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना दांड्याला एक बारीक ठोका बसतो, आणि इंजिन खालच्या पट्टीत गायला लागतं. सत्तरच्या वेगात ती एकशेवीसचा आवाज करते, हा तिचा मोठा गुण. सुख सगळं मिळतं आणि धोका निम्माच पत्करावा लागतो. अकरावीला मी घर्षण आणि गती शिकवते. पुस्तकातली गती मला रविवारी अंगाला लागते. वारा कानात शिरतो, त्यामुळं सरांचं बोलणं ऐकू येत नाही. सरांनाही माझं येत नाही. दोघंही त्यावर समाधानी आहोत.

आता मामा.

आमच्या गावात सातवीपुढं शाळा नव्हती, म्हणून आईनं मला मामाकडं ठेवलं. मामाचं गाव याच हायवेवर, मानवतच्या अलीकडं, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. मामानं तीस वर्षं काळी-पिवळी चालवली, गाव ते परभणी. माझं पूर्ण कॉलेज त्या जीपमध्ये झालं. पुढच्या बाकड्यावर ड्रायव्हर सोडून चार शिट बसायचे. मामा तीनच बसवायचे आणि खिडकीची जागा माझी. कुणी घुसायला लागला की म्हणायचे, "हितं शिट घ्यायचं न्हाई. हितं कॉलेज बसलंय." पाच वर्षं त्यांनी ती जागा विकली नाही. विहारापुढच्या ओट्यावर लोक त्यांना हसायचे. म्हणायचे, पोरगी शिकवून काय जीप उडवायलास का? मामा म्हणायचे, "उडंल की."

ओट्यावरच्या त्या बोलण्यात माझं बीएस्सी झालं, एमएस्सी झालं. बीएस्सीच्या शेवटच्या परीक्षेनंतर मामानं मला मोकळ्या रानात जीप शिकवली. मामाचा धंद्याचा एकच नियम होता. रस्त्यावर कुणी हात केला की थांबायचं. जागा असो नसो, ओळख असो नसो. थांबून "जागा न्हाई बाबा" म्हणावं, पण थांबावं. हात केलेल्या माणसाला धूळ चारून पुढं जाऊ नये.

जीप विकून आता बरीच वर्षं झाली. पण बाजाराच्या दिवशी मामा एसटीनं परभणीला यायचे, आमच्याकडं जेवायचे, संध्याकाळी परत जायचे. गाडी आणली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. बसले नाहीत. म्हणाले, "मोठं काही घ्यायचं हुतं, बारीक घेतलीस." एवढंच.

माघात एका रविवारी आम्ही मानवतहून परत येत होतो. ऊन कोवळं होतं, रस्ता रिकामा होता, गाडी गात होती. मामाच्या फाट्यावर लांबूनच पांढरा पायजमा आणि डोक्याला गुंडाळलेला गमछा दिसला. मामाच. पायाशी कसला तरी हिरवा भारा. त्यांनी गाडी ओळखली. ओळखायला काय, जिल्ह्यात दुसरी नाही. त्यांनी हात वर केला.

मला इतका आनंद झाला की मीही हात वर केला. नुसता वर नाही केला, हलवला. हॉर्नही वाजवला, दोनदा. सरांनीही कानटोपी काढून हात हलवला. आम्ही सत्तरच्या वेगात एकशेवीसचा आवाज करत मामासमोरून निघून गेलो.

पुढं गेल्यावर सर ओरडून म्हणाले, "मामा लय खूश दिसले!"

मीही ओरडून म्हटलं, "हो ना!"

दुपारी मामीचा फोन आला.

"काय गं, मामाला टाटा केलास म्हनं?"

"हो, फाट्यावर दिसले. तब्येत बरी वाटली."

"बरी हाय. ढाळं शेळीनं खाल्लं."

हरभऱ्याचं ढाळं. घाटे भरलेलं, सकाळी सकाळी उपटलेलं, माझ्यासाठी. तो हिरवा भारा म्हणजे ते. मला आवडतं म्हणून मामा दरवर्षी आणायचे. मामी पुढं सांगत होती. फाट्यावरच्या हॉटेलात चारपाच जण होते, त्यांनी सगळं बघितलं, आणि आता गावात कुणी कुणाला रस्त्यात ओलांडून गेलं की म्हणायचं, "भाची झालास का?"

"मामाला फोन दे."

"न्हाईत ते घरी." आणि तिच्या मागं मामा खोकले.

पुढच्या बाजाराला मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. मी फोन केला की ते घरी नसायचे, आणि नसताना खोकायचे. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी काही मुद्दाम केलं नव्हतं. गाडीत जागा नव्हती, सर बसलेले होते. मामाला घ्यायचं म्हणजे सरांना फाट्यावर उतरवावं लागलं असतं. पण रागापेक्षा जास्त काही तरी होतं. ज्या माणसानं पाच वर्षं माझी जागा राखली, तो आता माझ्याशी बोलत नव्हता, आणि हे दुरुस्त करायला मिस्त्री नव्हता. ते सत्तरी ओलांडलेले. असंच राहून गेलं तर? हा प्रश्न मी सरांना विचारला नाही, पण सरांना ऐकू आला असावा. ते एका शनिवारी एसटीनं मामाकडं गेले.

संध्याकाळी परत आले ते पोहे खाऊन, दोन चहा पिऊन, बॅगेत तुरीची डाळ घेऊन. जावई म्हणून मामानं पाटावर बसवलं होतं.

"माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"काहीच नाही."

"तुम्ही विषय काढला नाही?"

"काढला की. म्हटलं, मामा, आमचं चुकलं, मीही होतो गाडीत. तर म्हणाले, जावाईबापू, तुमचा काय दोष? तुमी तर शिट."

सरांना ते फार लागलं होतं. मला हसू आलं आणि हसता आलं नाही. गाडी न थांबण्याचा दोष शिटाकडं जात नाही. तो ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे त्याचा.

सरांचं म्हणणं पडलं की मामाला जागा पाहिजे होती. "त्यांच्या जीपमध्ये दहाच्या जागी सतरा मावायचे. आपण एकाला नाही म्हटलं. जागा नसते, करावी लागते, असं त्यांचं." मला ते पटलं. मराठीचे शिक्षक असले तरी सर कधी कधी मुद्द्याचं बोलतात.

चैत्र लागला तेव्हा एका रविवारी मी एकटीच निघाले. सरांना घरी ठेवलं, शिटाची जागा मोकळी ठेवली. मामाला बसवायचं, मानवतला चहा पाजायचा, विषय संपवायचा. असं ठरवून निघाले.

फाट्यावर वळले तर एका म्हातारीनं हात केला. पायाशी सरकीच्या पेंडेची गोणी. आता मी काय करणार? ब्रेक दाबला.

"ही भाड्याची हाय का गं?"

"नाही. बसा."

"कशात?"

तिला उतरवून घेतलं. गोणी तिच्या पायावर. पाचशे पावलांवर एक माणूस आणि त्याची बायको. दोघांनी हात केला. मी थांबून "जागा न्हाई" म्हणणार होते, तेवढ्यात तो मागच्या झाकणावर, दुमडलेल्या छताच्या पलीकडं, घोड्यावर बसावा तसा बसला. बायको शेजारी. तिच्या पदरात शेळीचं करडू होतं, ते मला गावाजवळ पोचल्यावर कळलं. रस्ता खडीचा. गाडीचं पोट तीनदा घासलं. आम्ही बैलगाडीच्या वेगानं चाललो होतो आणि एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. म्हातारी म्हणाली, "पायी लवकर गेले असते." मी म्हटलं, "उतरता का?" ती म्हणाली, "आता कशाला, मांडी घातली."

विहारापुढं गाडी थांबली. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. म्हातारीला वर काढायला दोघं लागले. करडू आपलं आपण उतरलं. मामा घरातून बाहेर आले, हातात तंबाखूची डबी. त्यांनी सगळं बघितलं. माझ्याकडं सोडून.

मी ओट्याजवळ गेले. सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, चुकलं माझं. जागा करायला पाहिजे होती. बघा, आज केली."

"कशाची जागा?"

दोन महिन्यांनी पहिला शब्द.

"त्या दिवशी. तुम्ही हात केला तेव्हा."

मामानं डबी उघडली, बंद केली. "दोन माथी लांबूनच दिसत हुती मला. तीस वर्षं गाडी हाकली. दोन शिटाच्या गाडीत दोन बसलेत हे मोजता येत न्हाई का मला? मला कुठं यायचं हुतं? ढाळं द्यायचं हुतं. तुज्याजवळ दिऊन, काय म्हनतीस, बरी हायेस का, एवढं इचारून मागं फिरनार हुतो."

मी तीन माणसं, एक गोणी आणि एक करडू वाहून आणलं होतं, आणि मुद्दा तो नव्हताच.

"मला हात समजला नाही," मी म्हटलं.

"त्येच म्हनतो मी. पाच वर्षं माज्या बाजूला बसून गेलीस. रोज हात बघितलेस."

"मला वाटलं तुम्ही मला हात केला. गाडीला नाही."

मामानं डबी खिशात टाकली. मग म्हणाले, "तुलाच केला हुता." आणि जरा वेळानं, "पन थांबायचं तर असतं की गं. मानसाला केला तरी."

"थांबायचं असतं."

"मग."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओट्यावरच्या एकानं ते बघितलं आणि म्हणाला, "मामा, आता टाटा करा आन् मिटवा." मामानं त्याला अशी एक शिवी दिली की जी मी इथं लिहीत नाही, पण ऐकून मला फार बरं वाटलं.

मामीनं चहा आणला. चहा होईपर्यंत मामा गाडीभोवती फिरले. मागच्या चाकाला पायानं दाबलं. खाली वाकून पोट बघितलं. मी म्हटलं, "चला, मानवतला जाऊन येऊ." मामानं गमछा झटकला, परत गुंडाळला. मग एक हात दारावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून आत उतरले. आयुष्यभर स्टेअरिंगमागं बसलेला माणूस शेजारच्या जागेवर बसला की त्याला पाय कुठं ठेवावेत ते कळत नाही. त्यांचे पाय अंदाजानं तीन पायडल शोधत होते.

खडीचा रस्ता संपला. मी हायवेला वळले, दुसरा टाकला, तिसरा टाकला. वारा सुरू झाला. मामा काही तरी बोलले.

"काय?" मी ओरडले.

मामा माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "क्लचवरला पाय काढ! तवापसून बघायलोय! गेर टाकून झाला की पाय खाली ठिवायचा असतो, कुनी शिकवलं तुला?"

मी गेली पंचवीस वर्षं घर्षण शिकवते. अर्ध्या दाबलेल्या क्लचवर प्लेट कशी घासते याची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकते.

"काढला!" मी ओरडले आणि पाय काढला.

"न्हाई काढलास! अर्धाच काढलास!"

मानवत येईपर्यंत ते बोलत होते.